कॉफीच्या गिरणीतलं पीठ

आज लेकीबरोबर लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'द लाँग विंटर' वाचून संपलं. कादंबरी १९४० सालची, पण गोष्ट लेखिकेच्या स्वतःच्या लहानपणीच्या, १८८०-८१ च्या हिवाळ्याची. अमेरिकेच्या डाकोटा भागातलं नुकतंच वसलेलं डी स्मेट गाव, वादळामागून वादळ, रूळ बर्फाखाली, रेल्वे बंद. कोळसा संपतो, तेव्हा लॉरा आणि तिचे बाबा वाळक्या गवताला पीळ घालून त्याच्या जुड्या जाळतात. बोटं नुसती सोलवटून निघतात. पीठ संपतं, तेव्हा कॉफी दळायच्या छोट्याशा गिरणीत गहू दळतात. लॉराची दृष्टी गेलेली बहीण मेरीसुद्धा बसून दांडा फिरवत राहते. इथे माझा आवाजच फुटेना. पुढचं पान लेकीनेच वाचलं.

हिवाळा भयंकर असेल, हे गावाला आधी येऊन सांगतो तो एक म्हातारा मूळनिवासी. ती जमीन मुळात तिथल्या मूळनिवाशांचीच होती, हे मी तिला मुद्दाम सांगितलं.

"मग तो कुठे राहिला गं, आई, एवढ्या थंडीत?"

पुस्तकात ते नाही. मला फार लागलं ते.

रात्री कणीक मळताना ती ओट्यापाशी आली. परातीत सांडलेलं पीठ बोटाने गोळा करून तिने परत गोळ्याला लावलं.