वेलदोडा, देवी आणि डफरीन

कॅनडातल्या विनिपेगहून उत्तरेला साधारण 90 किलोमीटर. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना सपाट शेतं, आणि मग एकदम पाणी. लेक विनिपेगला तळं म्हणायचं ते नावापुरतंच. पलीकडचा काठ दिसत नाही. गिमली गाव छोटंसं. धक्क्यावर मासेमारीच्या बोटी आणि जवळच 1967 साली उभारलेला शिंगवाल्या टोपाचा व्हायकिंग. खऱ्या व्हायकिंगांच्या टोपाला शिंगं नसायची म्हणे, पण फोटोत बरी दिसतात.

भूक लागली म्हणून विनारतेर्ता घेतला. पातळ थरांचा केक, मध्ये सुक्या आलुबुखारांचं सारण. मी सात थर मोजले. घास तोंडाजवळ नेला आणि श्रीखंडाचा डबा उघडावा तसा वास आला. वेलदोडा! इथे, या थंडीच्या मुलखात! शेजारच्या टेबलावर दोन आज्या वरून आयसिंग लावावं की नाही यावर हमरीतुमरीवर आल्या होत्या. (माझं मत विचाराल तर, नको.)

हा केक आइसलँडच्या लोकांनी आणला. त्यांची पहिली तुकडी, दोन-अडीचशे माणसं, 21 ऑक्टोबर 1875 ला इथून जवळच विलो पॉइंटला उतरली. जायचं होतं आणखी उत्तरेला, पण हिवाळा दाराशी आला होता. आगबोटीने त्यांचे तराफे इथेच सोडून दिले. म्हणजे गिमली इथे वसलं ते नाइलाजाने. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे आइसलँडमध्ये आस्क्या ज्वालामुखी फुटून राखेने कुरणं बुजली होती. पुढच्या वर्षी हजारावर माणसं आली आणि त्यांच्यासोबत देवीची साथ. शंभराच्या आसपास माणसं गेली. वसाहत सात महिन्यांहून जास्त काळ क्वारंटाइनमध्ये होती.

1877 साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरीन इथे येऊन गेले. प्रत्येक झोपडीत वीस-तीस पुस्तकं बघून ते चकित झाले होते. हे वाचताना मी तिथेच थबकलो. डफरीन? मी सोलापूरचा; डफरीन चौकात रिक्षा थांबवण्यात माझं निम्मं कॉलेज गेलं. तेच हे साहेब. पुढे 1884 ते 1888 हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. बायकांच्या दवाखान्यांसाठी त्यांच्या पत्नीने 1885 साली फंड काढला आणि हे नाव आपल्याकडे कायमचं राहिलं.

पण गिमलीहून येताना डोक्यात राहिला तो दुसराच माणूस, जॉन रामसे. इथे आधीपासून राहणारा, ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीचा. ज्या सँडी बारला त्याची माणसं आपलं गाव मानत, ती जमीन सरकारने या नव्या लोकांना दिलेली. तरी त्याने त्यांना शिकारीचं मांस पुरवलं. देवीत त्याची बायको बेट्सी गेली. तिच्यासाठी त्याने दूरच्या लोअर फोर्ट गॅरीहून कातड्यांच्या बदल्यात पांढरा संगमरवरी दगड आणला, असं सांगतात. इथली बाकीची माणसं जेमतेम लाकडी फळीखाली पुरली जात होती, तेव्हाची ही गोष्ट.

रामसे गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तो एका आइसलँडी सुताराच्या स्वप्नात आला म्हणे. बेट्सीच्या थडग्याचं कुंपण मोडलंय, तेवढं नीट कर, म्हणाला. सुताराने केलं.