तुम्ही विचारलंत म्हणून : एका वहीचे ९५० रुपये

कोल्हापुरात शाहू स्मारक भवनातल्या प्रदर्शनात आमचा स्टॉल असला की कुणीतरी वही हातात घेतं, उलटीपालटी करून बघतं, कातड्याचा वास घेतं, मागची किंमत वाचतं आणि मग विचारतं, "ताई, घरातच करता न्हवं तुम्ही दोघं? मग एवढी किंमत कशी वो?" मेसेजमध्येही हाच प्रश्न येतो, आणि विचारणारे बहुतेक जण भाव पाडायला नाही तर खरंच कळत नाही म्हणून विचारतात, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी आम्ही काय करतो ते. मी लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे कागदावर ठसे काढते, नवरा बाइंडिंग करतो. वहीच्या पुठ्ठ्यावर माझा प्रिंट असतो, कणा आणि चार कोपरे शेळीच्या कातड्याचे असतात. आत १२ फर्मे (घडी घातलेल्या कागदांचे जुडगे), म्हणजे १९२ पानं, हाताने शिवलेली. कुठलंही पान उघडा, वही टेबलावर सपाट पडते, हाताने दाबून धरून लिहावं लागत नाही. सपाट पडते ती शिलाईमुळे, आणि सगळ्यात जास्त वेळ खाते तीही शिलाईच.

आता हिशोब. कागद, पुठ्ठा, कातडं, दोरा, शाई मिळून साधारण २२० रुपये. घरातल्या सगळ्यांचं मिळून काम साडेतीन तासांचं, आम्ही तासाला १०० रुपये धरतो, म्हणजे ३५०. झाले ५७०. पॅकिंग, स्टॉलचं भाडं आणि खराब निघालेला माल यांचे ८० धरले की ६५०. दुकानात ठेवायला दिली तर दुकानदार ३० टक्के घेतो, ९५० तले २८५ त्याचे, आमच्या हातात ६६५. म्हणजे दुकानातून विकली तर जेमतेम खर्च निघतो. आमच्याकडून थेट घेतलीत तर वरचे २८५ आम्हाला राहतात, पण मग फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, कुरिअरच्या रांगेत उभं राहणं हेही आम्हीच करतो आणि त्याला वेगळी मजुरी आम्ही लावत नाही. दुकानात आणि आमच्याकडे किंमत एकच ठेवतो, नाहीतर ज्याने आपल्याला जागा दिली त्याच्याच पोटावर पाय येतो.

खरा मुद्दा त्या ३५० चा आहे. "घरातच करता" म्हटलं की विचारणाऱ्याच्या डोक्यात हे ३५० नसतातच. कामगार ठेवलेला नाही म्हणजे मजुरी नाही असं गृहीत धरलेलं असतं, आणि हा हिशोब त्या एका माणसाचा नाही, आपल्याकडे घराघरात असाच हिशोब चालत आलाय.

मला हे कुठं लख्ख दिसलं ते सांगते. कोपऱ्यांना लागणारे कातड्याचे तुकडे आम्ही सुभाषनगरातल्या एका चप्पलवाल्या घरातून घेतो, चपलेचं काम झाल्यावर उरलेले, विकत. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला, पट्ट्यावरची वेणी मात्र शेळीच्या पातळ कातड्याची. ही वेणी त्या घरातल्या काकी घालतात. दोऱ्यासारख्या बारीक वाद्या कापलेल्या असतात, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, वाद्या किंचित ओल्या ठेवायच्या म्हणजे वेणी घट्ट बसते, आणि बोटं नुसती चालत राहतात, माझ्याशी बोलताना त्या खाली बघतसुद्धा नव्हत्या. तळ कापणं, ठोकणं बापय माणसं करतात आणि वेणी, टाके असलं बारीक काम बहुतेक घरांत बायका करतात. मी विचारलं, काकी, एका जोडामागं तुमच्या वेणीचे किती धरता? त्या म्हणाल्या, "आमचं काय वो, घरचंच की त्ये."

मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, आपल्या वहीत 'घरचंच' असं काही राहता कामा नये. तेव्हापासून कामाच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने आहेत, एक त्याचा, एक माझा, आणि नंतर तिसरा आला तो सासूबाईंचा. त्या फर्म्यांच्या घड्या घालतात. आधी म्हणायच्या की घरातल्या माणसाला कसला रोज लावताय, लोक हसतील. आता महिन्याला पैसे हातात येतात ते त्या थेट गल्लीतल्या भिशीत टाकतात, आणि एखाद्या दिवशी रजिस्टरमध्ये तास लिहायचा राहिला तर त्याच आठवण करून देतात.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा सगळे चिडले होते, मीही चिडले होते, आणि ते रास्तच होतं. २०१९ मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. नंतर प्राडाने मान्य केलं की डिझाइनमागची प्रेरणा इथली. पण जीआयने नावाचं आणि जागेचं रक्षण होतं, वेणी घालणाऱ्या काकींचा रोज त्यात ठरत नाही. तो ठरतो चप्पल लाईनमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, आपण जोड पायात घालून बघतो आणि भाव करतो तेव्हा. मला वाटतं मिलानवर चिडायचा आपल्याला हक्क आहेच, फक्त त्या चिडण्यातला थोडा भाग खरेदीच्या वेळी खिशात घेऊन जावा.

साडेतीन तास कसले असंही विचारतात. फर्मे घडी करून दाबून ठेवायचे, आरीने भोकं पाडायची, एकही भोक वरखाली झालं तर शिवल्यावर वही तिरकी होते. मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक फर्मा आधीच्या फर्म्याला गुंतवत जायचं. कण्याला मलमलची पट्टी, त्यावर मैद्याची खळ, आणि खळीत चिमूटभर मोरचूद घातलेलं असतं, कीड लागू नये म्हणून, जुने बाइंडर हेच करत आले. मग कातडं. कातड्याची कड आहे तशी दुमडली तर कोपऱ्यावर गाठ येते, म्हणून रापीने, म्हणजे कातडं तासायच्या सुरीने, कड आतून तासत तासत कागदाएवढी पातळ करायची. हे काम चालू असताना आमचा नवरा कुणाशी बोलत नाही, आणि मीही त्याला हाक मारत नाही, कारण रापी जराशी जास्त चालली की कातड्याला खिडकी पडते आणि तो तुकडा गेला. शेवटी वही रात्रभर वजनाखाली. वजनाखालचा वेळ आम्ही धरत नाही.

प्रिंटचं काम माझं. सध्याच्या वह्यांवर रंकाळा तलावातला संध्यामठ आहे, पावसाळ्यात अर्धा पाण्यात जातो तसा. तीन रंग, पण लिनो एकच. आधी सगळ्या कागदांवर सगळ्यात फिकट रंग छापून घ्यायचा, मग त्याच लिनोवर आणखी कोरायचं आणि वरून पुढचा रंग, मग परत कोरायचं आणि गडद. तिसरा रंग छापेपर्यंत पहिल्या रंगाचा ब्लॉक उरलेलाच नसतो, तो कोरून गेलेला असतो. त्यामुळे "तोच प्रिंट परत काढून द्या की" हे शक्यच नाही, कितीही पैसे दिले तरी. म्हणून सुरुवातीलाच किती छापायचे ते ठरवावं लागतं आणि थोडे जास्तीचे कागद घ्यावे लागतात, रंग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर ते बाजूला पडतात. माझ्याकडे प्रेस नाही. कागदावर स्वयंपाकघरातल्या पळीची पाठ फिरवून फिरवून छापते, खांदा भरून येतो.

आणि मग आपला पाऊस. तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि जुलैमध्ये ओल अशी धरलेली असते की छापलेला कागद आठवडा गेला तरी बोटाला लागतो. कातड्यावर बुरा येतो, कपाटात ठेवलं तर जास्तच येतो. म्हणून जून ते ऑगस्ट आम्ही छापणं आणि कातडं दोन्ही जवळजवळ बंद ठेवतो, मी नवे ब्लॉक रेखाटते, तो जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करतो. यावर घर चालतं का, हे त्यातच आलं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत चांगलं चालतं, उन्हाळ्यात बरं, पावसाळ्यात दुरुस्तीच्या कामावर आणि साठवलेल्यावर. चालतं, पण साडेतीन तासांची मजुरी सोडून दिली असती तर चाललं नसतं, हे मी अगदी ठामपणे सांगू शकते.

दोघं एकत्र काम करता तर भांडणं होत नाहीत का, असंही लोक लगेच विचारतात. होतात, रंगावरून होतात. त्याला गडद कातड्याशेजारी फिकट प्रिंट आवडत नाही, मला तेच आवडतं. पैशावरून मात्र होत नाहीत, कारण कुणाचे किती तास झाले ते लिहिलेलंच असतं, आठवणीवर सोडलेलं नाही. घरात मिळून काही बनवणाऱ्या जोडप्यांनी, मग ते केक असोत, गोधड्या असोत की शाडूचे गणपती, इतर काही करा न करा पण निदान महिनाभर तास लिहून बघा, पॅकिंगचे आणि फोनवर बोलल्याचेसुद्धा. कुणाचं काम हिशोबातच नाही ते आठवड्यात दिसायला लागतं.

आता ज्यांना ९५० जास्त होतात त्यांच्यासाठी. मला त्यात काही गैर वाटत नाही, विद्यार्थ्याला एवढी वही कशी परवडणार. तुम्ही मागाल तर मी ९५० ची वही ७०० ला देणार नाही, पण एक पातळ वही करतो आम्ही, चारच फर्म्यांची, कातडं नाही, जाड कागदाचं कव्हर आणि त्यावर एकरंगी प्रिंट, मधोमध साधी शिलाई. ती ३०० ला आहे, तिच्यातही तिघांची मजुरी आहे आणि तीही तितकीच सपाट पडते. कलानिकेतन आणि दळवीज या इथल्या चित्रकलेच्या कॉलेजांतली मुलं स्केचिंगला हीच नेतात, कागद तोच आहे, पेन्सिल आणि पेन दोन्ही चालतं, वॉटर कलर मात्र नको, पान फुगतं.

दिवाळीला भेट द्यायला कातड्याच्या वह्या हव्या असतील तर गणपती बसायच्या आत कळवा. पाऊस उघडल्यावर छापायला घेतो, शाई वाळायला वेळ द्यावा लागतो, आणि नग किती ते ब्लॉकवर पहिला रंग चढायच्या आधीच आम्हाला माहीत असायला लागतं.