आमूरचे दोन काठ: ब्लागोवेश्चेन्स्क ते हेइहे

रशियातल्या ब्लागोवेश्चेन्स्कच्या घाटावर उभं राहिलं की समोर चीन दिसतो. हेइहे शहरातल्या इमारतींच्या खिडक्या मोजाव्यात, इतका जवळ. मधे आमूर नदी. चिनी तिला हेइलोंग म्हणतात, म्हणजे काळा ड्रॅगन. अरुंद जागी पात्र पाऊण किलोमीटरच्या आसपास.

रशिया आणि चीनच्या आर्थिक सुधारणांची तुलना करायला मॉस्को-बीजिंगपेक्षा ही जागा बरी. दोन्ही काठांवर थंडी तीच, सोयाबीन तेच, आणि राजधानी दोघांनाही लांब. बदलतं ते फक्त राज्य.

आधी पोचायचं कसं ते. ट्रान्स-सैबेरियनच्या मुख्य मार्गावर बेलोगोर्स्क लागतं, तिथून सुमारे ११० किलोमीटरचा फाटा ब्लागोवेश्चेन्स्कला येतो. मॉस्कोहून थेट विमानही आहे. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, पण तो एकाच प्रवेशाचा. नदी ओलांडून हेइहेला गेलात की त्याच व्हिसावर परत येता येत नाही, म्हणून परतीचं विमान चीनमधूनच काढा. शिवाय ई-व्हिसा ठरावीक नाक्यांवरच चालतो. तिकिटं काढण्याआधी नाक्यांची ताजी यादी पाहा, नाहीतर अडचण थेट खिडकीवर कळते. चीनचा व्हिसा भारतातूनच घेऊन निघायचं. भारतात मिळालेली व्हिसा-मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डं रशियात मार्च २०२२ पासून चालत नाहीत, तेव्हा रोख ठेवा. हेइहेत उलट सगळं मोबाइलवर. अलिपे या चिनी पेमेंट ॲपला परदेशी कार्ड जोडता येतं. ते घरूनच जोडून या.

उन्हाळ्यात बोट असते. नदी गोठू लागली किंवा बर्फ फुटू लागला की हवेच्या गादीवर चालणारी होव्हरक्राफ्ट, आणि भर हिवाळ्यात बर्फावर टाकलेल्या तरंगत्या पुलावरून बस. रस्त्याचा पक्का पूल २०१९ मध्ये बांधून झाला, मालवाहतूक १० जून २०२२ ला सुरू झाली. प्रत्यक्ष नदी पार करायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दोन्हीकडच्या तपासणीला मात्र अर्धा दिवस मोकळा ठेवा. उतरल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यायचं. रशियात अकरा कालपट्टे आहेत, चीनभर एकच.

रांगेत लक्ष जातं ते चौकडीच्या मोठ्या पिशव्यांकडे. ब्लागोवेश्चेन्स्कमध्ये लेनिनचा पुतळा आहेच, पण एक पुतळा चेल्नोकचाही आहे. चेल्नोक म्हणजे मागावरचा धोटा, आणि इथे सीमेपलीकडून माल आणून विकणारा फिरता व्यापारी. इकडून तिकडे, तिकडून इकडे. २ जानेवारी १९९२ ला रशियाने बहुतेक भाव एका दिवसात मोकळे केले. वर्षभरात महागाई २,५०० टक्क्यांच्या वर गेली, बँकेतली आयुष्यभराची पुंजी वितळली, पगार महिनोन् महिने थकले. तेव्हा शिक्षक, इंजिनिअर पिशव्या घेऊन हेइहेला जाऊ लागले आणि जॅकेट-बूट आणून विकू लागले. पुढे याचीही यंत्रणा बसली. व्यापारी स्वतःचा माल वाटून देतो आणि फुकट सहलीच्या बदल्यात प्रवासी तो आपला म्हणून जकातीतून काढतो. अशा प्रवाशाला इथे ‘फनार’ म्हणतात, म्हणजे कंदील. करमुक्त वजनाची मर्यादा २००६ मध्ये ५० किलोंवरून ३५ वर आली आणि कंदिलांचा धंदा मंदावला. हे आकडे अजूनही बदलत असतात, खिडकीवर विचारून घ्या. कुणी ‘एवढी पिशवी धरा’ म्हणालं तर नाही म्हणा. कागदावर माल तुमचा होतो.

आता मुद्द्याचं. ‘चीन हळू गेला म्हणून तरला, रशियाने उडी मारली म्हणून पडला’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की खरं वाटतं. ते अर्धंच आहे. रशियाची ‘शॉक थेरपी’, म्हणजे एका झटक्यात बाजार मोकळा करणं, हीसुद्धा अर्धवटच होती. दुकानातल्या बहुतेक मालाचे भाव मोकळे झाले, पण तेल-वायूचे धरून ठेवले. एकीकडे सुधारणांची सूत्रं हाती असलेले येगोर गायदार तिजोरी आवळत होते, दुसरीकडे मध्यवर्ती बँक तोट्यातल्या कारखान्यांना कर्ज वाटत होती. आणि चीन सगळीकडे हळू नव्हता. शेतीत तर तो झपाट्याने गेला. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांगच्या १८ शेतकऱ्यांनी सामुदायिक शेत गुपचूप घराघरांत वाटून घेतलं, आणि पाच-सहा वर्षांत देशभरातली कम्यून, म्हणजे सामुदायिक शेतं, मोडीत निघाली.

माझ्या मते खरा प्रश्न वेगाचा नाही, सुरुवातीला कुणाच्या हातात काय होतं याचा आहे. १९७८ मध्ये चीनमधले सुमारे ७० टक्के कामकरी शेतीत होते, तेही पगाराशिवाय, पेन्शनशिवाय. कम्यून सोडून त्यांचं काही जाणार नव्हतं. सोव्हिएत कोल्खोजमधल्या, म्हणजे तिथल्या सामुदायिक शेतावरच्या, माणसाला मात्र ठरलेला पगार होता, पेन्शन होती, ट्रॅक्टर सामुदायिक होता. त्याला जमीन देऊ केली तर तो विचारायचा, डिझेल कोण देणार?

कारखान्यांचंही तसंच. सोव्हिएत उद्योग खात्यांनुसार बांधलेले. एखादा सुटा भाग देशभरासाठी एकाच कारखान्यात, सूत्रं मॉस्कोच्या मंत्रालयात. १९९१ मध्ये देश फुटला तशा या साखळ्याही तुटल्या. चीनमध्ये बांधणी प्रांतवार. प्रत्येक प्रांताचा स्वतःचा सिमेंट, खत, अवजारांचा कारखाना. कमी कार्यक्षम, पण एका कोपऱ्यात प्रयोग करून बघता येतो. १९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शांतोऊ, शियामेन ही चार विशेष आर्थिक क्षेत्रं उघडली. तिथे फसलं असतं तर बाकी देशाचं चाक अडलं नसतं. ‘दगड चाचपत नदी ओलांडायची’ हे वचन डेंग शियाओपिंगच्या नावावर खपतं, पण धोरण म्हणून ते मांडलं पक्षातले दुसरे ज्येष्ठ नेते चेन युन यांनी. आमूरसारख्या नदीत पायाला दगड लागत नाहीत, हे घाटावरून पाहिल्यावर पटतं.

दुहेरी भावपद्धत मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. आपल्या साखर कारखान्यांनी २०१३ पर्यंत तेच केलं: ठरलेली लेव्ही साखर सरकारला सरकारी भावाने, उरलेली खुल्या बाजारात. चीनने १९८० च्या दशकात पोलाद, कोळसा, सिमेंटला हे लावलं. एक महत्त्वाचा फरक होता. लेव्ही ही उत्पादनाची टक्केवारी असे, म्हणजे जास्त काढली की जास्त द्यायची. चीनमध्ये सरकारी कोटा बराचसा जागच्या जागी ठेवला, वाढीव माल सगळा बाजारात. उत्पादन वाढत गेलं तसा कोटा आपोआप नगण्य झाला. यात बिघाड कुठे होतो तेही उघड आहे. सरकारी भावाने पोलाद मिळवू शकणारा अधिकारी ते बाजारात विकून मधला नफा खिशात घालतो. चिनी लोक याला ‘गुआनदाओ’ म्हणत. १९८८ मध्ये भाव झटक्यात सोडायचा प्रयत्न झाला, महागाई १८ टक्क्यांच्या पुढे गेली, लोकांनी दुकानं रिकामी केली आणि सरकारने माघार घेतली. १९८९ मध्ये थ्येनआनमेन चौकात जमलेल्यांच्या रागात या दोन्ही गोष्टी होत्या.

मग पक्ष. गोर्बाचेव्हना मंत्रालयं हलत नव्हती, म्हणून त्यांनी राजकारण उघडलं. मार्च १९९० मध्ये घटनेतली पक्षाची मक्तेदारी गेली, आणि देशाला बांधून ठेवणारी एकमेव दोरीही. घटक प्रजासत्ताकं कर मॉस्कोला पाठवेनाशी झाली. चीनमध्ये प्रांताधिकाऱ्याची बढती शेवटपर्यंत पक्षाच्या हाती राहिली, आणि १९९४ च्या करसुधारणेने पैसाही केंद्राकडे वळवला. रशियात हे काम २००० नंतर पुतिन यांनी केलं, पण तोवर मालमत्तेचं वाटप उरकलं होतं. १९९२ मध्ये प्रत्येक नागरिकाला सरकारी कारखान्यांतल्या हिश्शासाठी १०,००० रुबलचं व्हाउचर मिळालं. महागाईत त्याची किंमत विरली आणि लोकांनी ते मिळेल त्या भावाने विकलं. १९९५ मध्ये सरकारला दिलेल्या कर्जाच्या बदल्यात तेल आणि निकेलचे मोठे कारखाने मोजक्या बँकवाल्यांकडे गेले.

हेइहेत उतरलं की पाट्या रशियनमध्ये, एकेकाळी कचराकुंड्यासुद्धा मात्र्योश्का बाहुल्यांच्या आकाराच्या होत्या. (रशियनांना हा पाहुणचार फारसा आवडला नव्हता.) १९८० च्या दशकाअखेर इथून कलिंगडं जात आणि बदल्यात सोव्हिएत खत येई, पैसा मधे नव्हताच. १९९२ मध्ये शहर अधिकृतपणे खुलं झालं. नदीकाठचे दिवे पाहून ‘बघा चीन कुठे गेला’ म्हणायचा मोह होतो. घाई करू नका. काठापासून दोन-चार गल्ल्या आत जा, रिकामे गाळे दिसतील. हेइलोंगजियांग हा चीनचा सर्वांत ‘सोव्हिएत’ प्रांत. दाचिंगचं तेल, हार्बिनचे अवजड यंत्रांचे सरकारी कारखाने. ‘मोठे धरा, छोटे सोडा’ (मोठे सरकारी कारखाने ठेवा, छोटे विका किंवा बंद करा) या १९९० च्या दशकाअखेरच्या धोरणात इथल्या कामगारांनी नोकऱ्या गमावल्या त्या कुठल्याही रशियन गावासारख्याच. २०१० च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या ३ कोटी ८३ लाख होती, २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख. म्हणजे दक्षिणेचा कित्ता चीनलाही चीनमध्ये सगळीकडे गिरवता आला नाही. तुलना खरी करायची तर ब्लागोवेश्चेन्स्कची हेइहेशी करा, शेन्झेनशी नको.

बोटीतून न दिसणारी एक गोष्ट नदीच्या तळाखालून जाते. ‘पॉवर ऑफ सायबेरिया’ वायुवाहिनी २ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, क्षमता वर्षाला ३८ अब्ज घनमीटर. करार मे २०१४ चा, क्रिमिया घेतल्यानंतर दोन महिन्यांनी, आधीची कित्येक वर्षं भावावर घासाघीस करून. वायू दक्षिणेला जातो. परत येतात ट्रक, मोबाइल, कपडे.

हेइहेहून तीसेक किलोमीटरवर आइहुई गाव आहे, टॅक्सीने सहज होतं. २८ मे १८५८ चा करार इथेच झाला आणि आमूरचा उत्तर काठ रशियाकडे गेला. रशियाकडून सही करणाऱ्या मुराव्योवचा पुतळा मघाशी पलीकडच्या घाटावर पाहिला असेलच. आइहुईच्या इतिहास संग्रहालयात पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीयांना अडचण नाही. रशियनांना आत सोडत नाहीत.