आमची वाटचाल : आधी सर्टिफिकेट, मग भट्टी

बाबांनी बेळगावच्या उद्यमबागमध्ये शेड घेतली ती फॅब्रिकेशनसाठी. साखर कारखान्यांच्या टाक्या, ज्यूस हीटरची शेल, पाइपलाइन. संकेश्वर, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात गाळप बंद झालं की आमची गडबड सुरू. वेल्डिंगनंतर स्ट्रेस रिलीव्हिंग (भट्टीत तापवून आतला ताण काढणं) लागणारा जॉब मात्र बाहेर पाठवावा लागायचा, आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा राज्याच्या हद्दीपलीकडे. टॅक्सचे फॉर्म, कोगनोळीचा नाका, रांगेत उभा ट्रक. 2017 ला जीएसटी आला आणि ती कटकट मिटली, पण तोवर आम्ही स्वतःची बोगी फर्नेस (चाकांच्या गाड्यावर जॉब आत नेणारी भट्टी) बसवून मोकळे झालो होतो.

साध्या कार्बन स्टीलच्या प्लेटला भट्टी लावणं तसं सरळ काम. एएसएमई सेक्शन आठ या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडप्रमाणे किमान 595 अंश सेल्सिअस, 50 मिमी जाडीपर्यंत दर 25 मिमीला एक तास. जॉब आत घेताना भट्टी 425 च्या वर नको, त्यापुढे तापवायचा वेग जाडीप्रमाणे. 38 मिमीच्या वर पीडब्ल्यूएचटी, म्हणजे वेल्डिंगनंतरचं हे तापवणं, सक्तीचं. तापमान थोडं वर गेलं तरी अशी प्लेट कुरकुर करत नाही. चार्ट (तापमान आणि वेळेचा आलेख) नीट आला की ग्राहक खूश, आम्हीही खूश.

खरं शिक्षण सुरू झालं ते क्वेंच्ड अँड टेंपर्ड प्लेटा यायला लागल्यावर. एसए-537 क्लास 2 या ग्रेडचंच उदाहरण घ्या. मिलमध्ये ती तापवून पाण्यात विझवतात आणि मग टेंपर करतात, म्हणजे पुन्हा तापवून कडकपणा बेताचा करतात, किमान 595 अंशाला. तिची ताकद त्या टेंपरिंगमध्ये ठरलेली असते. आपण वेल्डिंगनंतर त्याहून जास्त तापवलं की मिलने दिलेलं आपण काढून घेतलं. आता आकडे शेजारी ठेवून बघा: कोड म्हणतो 595 च्या खाली येऊ नका, प्लेट म्हणते माझ्या टेंपरिंगच्या वर जाऊ नका. मिलने 640 ला टेंपर केलं असेल तर जागा आहे. 610 ला केलं असेल, तर त्या पंधरा अंशांत भट्टी सांभाळायची कुणी?

कोड होल्डिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या तापमानाला धरून ठेवताना, सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागेत 83 अंशांचा फरक चालवून घेतो. या प्लेटांना तो फरक परवडत नाही, म्हणून आमचा पैसा नव्या मशिनरीपेक्षा भट्टी एकसारखी तापवण्यावर जास्त गेला. बर्नरच्या ज्वाळेसमोर आडभिंत, दाराला नवीन सिरॅमिक ब्लँकेट, आणि थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) भिंतीला न लावता जॉबलाच, वर-खाली-दोन्ही टोकांना, कपॅसिटर डिस्चार्जने (क्षणभराच्या वेल्डने) चिकटवलेले. आमचा ऑपरेटर खानापूरकडचा आहे. तो रेकॉर्डरच्या रेषा बघून सांगतो कुठल्या कोपऱ्यात ब्लँकेट सरकलंय. जागा फारच अरुंद असेल तर कोडमध्ये एक वाट आहे: तापमान 28 अंश खाली, आणि 25 मिमीपर्यंतच्या जाडीला दोन तास. पण ती आम्ही परस्पर घेत नाही, डिझायनर आणि इन्स्पेक्टर यांची सही लागते.

पावसाळ्यात इकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. होल्डिंगच्या मध्येच ती गेली तर कोडला चालतं, तुटक वेळेची बेरीज धरता येते. पण तीच बेरीज प्लेटच्या बाबतीत उलटीही मोजावी लागते, कारण प्रत्येक तास तिला थोडं मऊ करतो. म्हणून आम्ही प्रत्येक जॉबचे सगळे तास कार्डावर लिहितो, दुरुस्तीनंतरची दुसरी फेरीसुद्धा. प्लेट मागवतानाच मिलकडून सिम्युलेटेड पीडब्ल्यूएचटी केलेल्या (आधीच तेवढे तास तापवून बघितलेल्या) तुकड्यांची चाचणी मागून घ्यावी, आणि त्यात एक दुरुस्तीची फेरी जास्त धरावी, असं आम्ही ग्राहकांना सांगतो. नंतर मागितलं तर मिल ऐकत नाही.

एसए-517 सारख्या जास्त ताकदीच्या प्लेटा आल्या की मी आधी विचारतो, पीडब्ल्यूएचटी करायलाच हवं का? त्यातल्या काही ग्रेडमध्ये व्हॅनेडियम, बोरॉन असतं. ताण काढायला तापवताना वेल्डच्या कडेलाच तडा जाऊ शकतो. कोडने सांगितलं तरच करायचं, आणि तेही 540 ते 595 च्या मध्येच. ‘सेफ साइडला करून टाका’ हा सल्ला या स्टीलला देऊ नये, असं माझं ठाम मत.

एकदा खडी क्रशरवाल्यांचा एक सुपरवायझर हॉपर घेऊन आला. चारशे बीएचएन कडकपणाची, झीज सोसणारी वेअर प्लेट, वेल्डला तडे. म्हणाला, “मालक, सहाशेला तासभर ठेवा की. सगळे तसंच करायलेत.” अशा प्लेटांना साधारण 250 अंशांच्या वर नेलं की कडकपणा उतरायला लागतो. सहाशेला ठेवली असती तर तडे राहिले असते ते राहिलेच असते, वर प्लेटही वेअर प्लेट उरली नसती. मी त्याला इलेक्ट्रोड बघायला लावले. पाकीट कधीचं उघडं, बाहेर धो धो पाऊस, रॉडनी ओल धरलेली; तडे त्यातूनच. रॉड 350 ला दोन तास भाजले, जॉबला बेताचं प्रीहीट दिलं, तडे ग्राइंड करून काढले आणि वेल्ड मऊ 7018 इलेक्ट्रोडनेच भरला. भट्टीचं बिल झालं नाही. तो पुन्हा आला, दुसऱ्या क्रशरवाल्याला घेऊन.

टेंपरिंगचं तापमान न दाखवता जॉब घ्यायचा नाही, हा नियम केल्यावर काही गिऱ्हाइकं तुटली. ‘प्लेट चांगलीच आहे, कागद नंतर देतो’ म्हणणारे दुसरीकडे गेले. सीझनमध्ये ते जाणवतं, खोटं कशाला बोलू. पण कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या जॉबपैकी बरेच आता आधी सर्टिफिकेटचा फोटो पाठवून येतात.

सध्या आम्ही जागेवर जाऊन करायच्या लोकल पीडब्ल्यूएचटीचे हीटिंग पॅड वाढवतोय. चौकशी करताना एवढं पाठवा: एमटीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट), त्यात टेंपरिंगचं तापमान दिसलं पाहिजे, प्लेटवरचा हीट नंबर (मिलमधल्या ओतीचा क्रमांक), वेल्डची जाडी, आणि आधी कधी भट्टी लागली असेल तर तिचा चार्ट. टेंपरिंग एमटीसीवर नसेल तर मिलला पत्र लिहायला आम्ही मदत करू, पण उत्तर येईपर्यंत जॉब बोगीवर चढणार नाही.