आमची वाटचाल : ठण्ण ते थप्प

१९९९ साली पुण्यात नाना पेठेत दहा बाय बाराचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे भांडवल म्हणजे एक ड्रिल मशीन, सोल्डरिंग आणि उधारीवर आणलेले चार कॅसेट डेक. काम ठरलेलं. मारुती ८०० यायची, मागच्या काचेखालच्या फळीत दोन सहा-बाय-नऊचे ओव्हल स्पीकर बसवायचे, पुढे डेक, दिवसाला दोन गाड्या झाल्या की आम्ही खूश. गिऱ्हाईक आवाज फुल करून बघायचं, फळी थरथरायची, नंबरप्लेट खडखडायची आणि ते म्हणायचं, काय बेस आहे राव! तो बेस नव्हता, पत्रा होता. पण तेव्हा ते आम्हाला तरी कुठे कळत होतं.

कळलं ते बाबांमुळे. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकदा संध्याकाळी गाळ्यावर येऊन बसले होते, मी एका गाडीच्या दारावर बोटाची पेरं आपटून बघत होतो, ठण्ण, ठण्ण, तर म्हणाले, "अरे बेसूर आहे ते, कणीक लाव त्याला." पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात ना, तशी. ते गमतीत बोलले, पण माझ्या डोक्यात किडा शिरला. कणीक तर लावता येत नाही, मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वापरतात ती डांबराची शीट आणली, कापली आणि दाराच्या आत चिकटवली. परत टकटक केलं तर थप्प! अक्षरशः नाचलो आम्ही त्या दिवशी.

नाच एप्रिलपर्यंतच टिकला. एका सोलापूरच्या गिऱ्हाइकाची गाडी दुपारभर उन्हात उभी होती, डांबर पातळ होऊन दाराच्या खालून ओघळलं आणि त्यांच्या पांढऱ्या पँटवर. फोनवर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. चूक शंभर टक्के माझी होती, गच्चीचं सामान गाडीत घातल्यावर दुसरं काय होणार. सगळं खरवडून काढायला रॉकेल, चिंध्या आणि तीन दिवस लागले. पैसे परत, पँटचे पण.

दुसरी चूक त्याहून मोठी, कारण ती दिसत नव्हती. दाराच्या तळाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिथून जातं, आणि आम्ही हौसेनं ती पण बुजवली होती. जुलैत गाडी परत आली, ब्रेक मारला की दारातून डुचुक डुचुक, माठात पाणी हलावं तसं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, शीटचा कागद सोलायच्या आधी त्या भोकांवर पिवळा टेप लावायचा, आणि दाराचं पॅड बसवण्याआधी वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालून येतंय का बघायचं. नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, वायरिंग नंतर.

मग ब्यूटाइल रबराच्या शीट मिळायला लागल्या, वर अॅल्युमिनियमचा पत्रा असलेल्या. यात बाबांच्या कणकेपेक्षा वेगळी गंमत आहे. कणकेनं वजन वाढतं आणि सूर खाली येतो. इथे दाराचा पत्रा आणि वरचा अॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबर सँडविचसारखं अडकतं, पत्रा वाकला की ते रबर ताणलं जातं, आणि हादऱ्याची ताकद तिथेच उष्णता होऊन जिरते. म्हणून रोलर दाबून फिरवावा लागतो, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. मध्ये हवा राहिली तर पैसे पाण्यात. आणि म्हणूनच अख्खा पत्रा मढवायची गरज नसते. जिथे सगळ्यात जास्त वाजतो तिथे मधोमध, पंचवीस-तीस टक्के भाग झाकला तरी बहुतेक ठणठण जाते. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की आपलंच बिल कमी होतं, हे मान्य. तरी सांगतो.

मधला काळ वाईट गेला. गाड्यांत कंपनीतूनच टचस्क्रीन यायला लागले, डेक कोण बदलणार? दोन वर्षं नुसते सीट कव्हर आणि मॅट विकले. मग लक्षात आलं की स्क्रीन कंपनीचा असला तरी पत्रा तोच पातळ आहे. दारातला स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे खेचतो, आणि आतल्या पत्र्याला एवढाली भगदाडं असतील तर मागची लाट पुढे येऊन पुढचीलाच खाते, बेस तिथेच संपतो. तो स्पीकर न बदलता नुसती भगदाडं बंद केली तरी लोक विचारायचे, अँप म्हणजे अँप्लिफायर लावला का? तिथून धंद्यानं वळण घेतलं. गाळा सोडला, वारज्यात बायपासलगत शेड घेतली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेडचं भाडं मिसेसनी स्वतःच्या एफडीतून भरलं, हिशोबाची वही पण तिच्याकडेच आहे त्यामुळे विसरायची सोय नाही.

आता त्या गाडीबद्दल, जिच्यामुळे आम्ही स्पोर्ट्स कारची कामं घ्यायला लागलो. एमएच ०९, कोल्हापूर. निसान ३७०झेड. निसाननं २०१० मध्ये ती आपल्याकडे आणली होती, दोन सीट, ३.७ लिटरचं व्ही-सिक्स, रस्त्यावर क्वचितच दिसते. मालक तिशीतला, म्हणाला, "काका, गाणं ऐकूच येत न्हाई बगा, निस्ता टायरचा घूंऽऽ. पण इंजिनाचा आवाज मारू नका, त्यासाठीच तर घेतलीय." आणि शेवटी वर, "वजन लई वाढवू नका."

म्हणजे शांतता पाहिजे पण पूर्ण नको, आणि हलकी पाहिजे. मी एक दिवस मागितला आणि नुसता गाडीत बसून राहिलो. आमचा पोरगा चालवत होता, मी डिकीत आडवा. खरंच, हसू नका. त्या गाडीत सीटच्या मागे भिंतच नाही, डिकी आणि केबिन एकच खोली. मागची टायरं २७५ ची, त्यांचा आवाज चाकावरच्या पत्र्यातून थेट मानेमागे. बारीक खडे उडाले की ताशा वाजतोय असं वाटतं. शेडवर येऊन दारावर टेपचं माप लावायला लोहचुंबक टेकवलं तर ते खाली पडलं. दारं अॅल्युमिनियमची. त्यामुळे आवाज पण वेगळा, ठण्ण नाही, डब्यासारखा टँक.

आधी मी त्याला टायर बघायला लावले, जुने, कडक झालेले. टायर बदल, मग ये. पोरं म्हणाली शेठ हातातलं काम घालवताय. आठ दिवसांनी नवे टायर घालून आला, थोडा फरक होताच, आणि वर म्हणाला, "आता उरलेला तुमचा."

काम चार दिवस चाललं. बॅटरी काढायच्या आधी दोन्ही काचा अर्ध्या खाली घेतल्या, कारण या दारांना वरची चौकट नाही, दार उघडलं की काच आपोआप जराशी उतरते, बॅटरी नसेल तर ती उतरत नाही आणि रबरावर अडकते. बॅटरी काढल्यावर एअरबॅगसाठी किमान तीन मिनिटं थांबायचं, आम्ही एक चहा थांबतो. मग सीट, कार्पेट, डिकीचं सगळं प्लॅस्टिक बाहेर, प्रत्येक क्लिप कुठली ते लिहून वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पत्रा अल्कोहोलनं पुसला, बोट फिरवल्यावर किंचाळला पाहिजे इतका.

वजनासाठी सासऱ्यांच्या किराणा दुकानातला जुना काटा आणला. प्रत्येक तुकडा कापला की काट्यावर, आणि भिंतीवर खडूनं आकडा. ब्यूटाइल दोन मिलिमीटरचं, चौरस मीटरला साधारण तीन किलो, ते चार मीटर लागलं. चाकांवर त्याच्यावरून बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम, तो जवळपास बिनवजनी. डिकीच्या तळाला फोमवर जड व्हिनाइल, ते एका मीटरला पाच किलो म्हणून सव्वा मीटरवर थांबलो. दाराची भगदाडं पातळ पत्र्यानं बंद केली. इंजिनाच्या बाजूच्या भिंतीला हात लावला नाही, तिथे एक इंचसुद्धा नाही. खडूची बेरीज एकोणीस किलोच्या आत आली. पंधराशे किलोच्या गाडीत हे म्हणजे सोबत प्रवासाची एक बॅग.

मग नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूर, परत. कामाच्या आधी नवे टायर घालून ज्या स्पीडला मोजलं होतं त्याच स्पीडला, टायरची हवा तीच, काचा बंद. मोबाइलवरच्या मीटरनं जेमतेम साडेतीन डेसिबल कमी दाखवलं. मालकाचं तोंड उतरलं. त्याला वाटलेलं निम्मं होईल, आणि कानाला निम्मं वाटायला दहाएक डेसिबल लागतात, ते फक्त शीट लावून कुणी देत असेल तर मलाही भेटायचंय. मी म्हटलं, दादा, आकडा बाजूला ठेव, तुझं नेहमीचं गाणं लाव. आधी आवाज २४ वर ठेवायचा, आता १७ वर हात थांबला. आणि ढोलकीची थाप आली ती दारातून नाही, समोरून आली. बोगद्यात शिरताना त्यानं गाणं बंद केलं, काचा खाली घेतल्या, गिअर उतरवला. तो आवाज जसाच्या तसा होता. काही बोलला नाही, नुसता हसला. येताना नवले पुलाच्या उतारावर मात्र मीच ओरडलो, समोर बघ म्हणून.

पंधरा दिवसांनी फोन. "काका, टिक टिक वाजतंय." पोटात गोळाच आला. एक आवाज गेला की त्याच्याखाली दबलेला दुसरा वर येतो हे माहीत होतं, तरी वाटलं एखादी क्लिप राहिली. गाडी आली, सीटबेल्टचं बक्कल बघितलं, दार उघडलं, डिकी खोलली, दीड तास गेला. शेवटी पोरग्यानं डॅशबोर्डवरचा चांदीचा गणपती बोटानं धरला आणि टिक टिक थांबली. खालची दोन बाजूंनी चिकटणारी टेप सुटली होती. नखाएवढं ब्यूटाइल कापलं, बाप्पाच्या बैठकीखाली लावलं, रोलर न फिरवता अंगठ्यानं दाबलं. बिल विचारत होता. काट्यावर ठेवलं तर सुई हललीच नाही, मग कशाचं लावणार.