रोज एक, चहा उकळेपर्यंत

पाच-सहा वर्षं अमेरिकन क्लायंटबरोबर काम केल्यावर लंडनवाल्या टीममध्ये गेले तेव्हा वाटलं, इंग्रजी ते इंग्रजीच, त्यात काय एवढं. पहिल्याच आठवड्यात कॉल संपता संपता तिकडची मॅनेजर माझ्या रिपोर्टबद्दल म्हणाली, 'वी विल टेबल दॅट.' मी निवांत, कारण अमेरिकेत टेबल करणं म्हणजे विषय बासनात गुंडाळणं. पुढच्या मीटिंगला सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि माझ्याकडे ना स्लाइड ना आकडे! ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ चक्क उलटा, चर्चेला घेणं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आधी जोशात रोज २५ ईडियम्सची, म्हणजे वाक्प्रचारांची, यादी घोकायला घेतली. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. शेवटी ठरवलं, चहा उकळेपर्यंत एकच, फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं आणि आपल्या घरातलंच एक वाक्य करून मोठ्याने म्हणायचं, बास. 'ऑन द बॅक बर्नर' (म्हणजे काम मागे टाकलेलं) आला त्या दिवशी मागच्या बर्नरवर खरंच डाळ शिजत होती, तेव्हा नवऱ्याला ऐकवलं की बाथरूमचा नळ वर्षभर तुझ्या बॅक बर्नरवर आहे. तो ईडियम काही मी आता विसरत नाही (नळ अजून गळतोय). 'स्टिकी विकेट', म्हणजे अवघड परिस्थिती, हा तर आपल्या क्रिकेटचाच, पूर्वी पिच झाकायचे नाहीत, पावसानंतर ऊन पडलं की बॉल वाटेल तसा उसळायचा आणि बॅट्समनची पंचाईत.

वापरायची घाई मात्र मी करत नाही, आधी कानावर पडू देते. शाळेत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' किती घोकलं होतं, पण आमच्या टीममध्ये पाऊस कोसळला की 'चकिंग इट डाउन' म्हणतात.

आणि परवा कागदावर आला 'डुलॅली'. 'गॉन डुलॅली' म्हणजे डोकं फिरलंय, आणि हा शब्द आला कुठून तर आमच्या नाशिकजवळच्या देवळालीवरून! १८६१ मध्ये तिथे ब्रिटिश सैनिकांचा कॅम्प झाला, नोकरी संपलेले गोरे मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून असायचे, काम नाही, उन्हाळा, दारू, आजारपण, मग सटकायचेच. आधी 'डुलॅली टॅप' म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. इतकी वर्षं नाशिकरोडला राहून, देवळालीला शंभरदा जाऊन मला हे लंडनच्या नोकरीत कळावं!

लगेच आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं काहीतरीच काय, देवळालीला तर लोक हवापालटाला येतात."