स्तेल्व्हिओ: उन्हाळ्यात स्की करण्याचा घाट

बहुतेक घाटांत सायकलींचा हंगाम उन्हाळ्यात आणि स्कीचा हिवाळ्यात असतो. उत्तर इटलीतील स्तेल्व्हिओ घाटात मात्र दोन्ही उन्हाळ्यातच चालतात. २७५७ मीटर उंचीच्या खिंडीकडे जाणारा रस्ता हिवाळाभर बर्फाखाली बंद असल्याने, माथ्यावरच्या हिमनदीवर स्की करायचे तर तो खुला होण्याची वाट पाहावीच लागते.

मी प्रातो गावाकडून सायकलने चढलो. सुमारे २४ किलोमीटरमध्ये १८०० मीटरची चढाई आहे. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना आपण जेवढे चढतो, त्याच्या तिपटीहून हे अधिक भरते. ऑस्ट्रियाच्या राजवटीत, लोम्बार्डी प्रांत आल्प्समधील टिरोल प्रांताशी जोडण्यासाठी, अभियंता कार्लो दोनेगानी यांनी १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधला. घोडागाड्यांना झेपेल असा चढ ठेवण्यासाठी त्यांनी डोंगर सरळ न चढता वळणांवर वळणे घेतली, म्हणून एकट्या या बाजूला ४८ हेअरपिन वळणे आहेत. चढ फारसा अंगावर येत नाही, पण विसावाही देत नाही. प्रत्येक वळणावर उतरत्या क्रमाने आकडा लिहिलेला असतो; त्याने धीर यावा अशी अपेक्षा असेल, मला मात्र तिशीतले आकडे संपता संपेनात याचाच वैताग आला. त्राफोई गाव मागे पडल्यावर झाडी विरळ होत जाते आणि ३९०५ मीटर उंचीचे ऑर्टलर शिखर समोर येते.

१९५३ च्या जिरो दि'इतालिया या इटलीतील सायकल शर्यतीत फाउस्तो कोप्पी यांनी याच चढावर ह्यूगो कोब्लेट यांना मागे टाकले आणि शर्यत जिंकली. आज या रस्त्यावर खरी स्पर्धा मोटारसायकलींच्या गोंगाटाशी असते, त्यामुळे पहाटे निघणे उत्तम. उन्हाळ्याच्या अखेरीस एक दिवस रस्ता केवळ सायकलींसाठी राखून ठेवतात.

माथ्यावर घामाने भिजलेले सायकलस्वार आणि जड बूट घातलेले स्कीपटू सॉसेजच्या एकाच रांगेत उभे असतात. स्कीपटू तिथून रोपवेच्या पाळण्याने तीन हजार मीटरच्या वर जातात. हिमनदी मात्र आक्रसते आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्म्यामुळे स्की काही काळ थांबवावे लागले होते.

उतरताना आल्या वाटेने न जाता उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरून प्रातोला परतावे. तिकडे वर्दळ कमी असते. मात्र वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, ऐन जुलैतही, सोबत हवेतच.